तीन-तीनदा शिकवूनही मुलांना क्लॉज कळत नाहीत, मग मी टीचर कसली?

मी समुपदेशक आहे, आणि हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरच्याने अर्धं बोललं तरी पुढचं मला कळतं. कधी शाळेतल्या मॅडम असतात, कधी घरगुती क्लास घेणारी एखादी ताई, कधी मुलाचा अभ्यास घेणारी आई. "सगळं नीट चाललेलं असतं हो, पण सिंपल-कंपाउंड-कॉम्प्लेक्स आलं की मुलं माझ्याकडे बघतात आणि मी फळ्याकडे." क्लॉज म्हणजे मोठ्या वाक्यातलं छोटं वाक्य, स्वतःचं क्रियापद असलेलं; एकच असेल तर सिंपल, बरोबरीची दोन जोडली तर कंपाउंड, एक दुसऱ्यावर टेकलेलं असेल तर कॉम्प्लेक्स. म्हणून एका टीचरची गोष्ट लिहितेय, तिची परवानगी घेऊन आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून. आठ सेशन झाली होती, इथे मोजकंच लिहिते.

ती नाशिकला पंचवटीकडच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते, माहेर निफाडकडचं, स्वतःही मराठी माध्यमात शिकलेली. शाळा सुटली की निमाणीवरून बस पकडून गंगापूर रोडला माझ्याकडे यायची. पहिल्या दिवशी तक्रार झोपेची होती. रविवारी रात्री झोप नाही, सोमवारी सकाळी पोटात गोळा, डॉक्टरांकडे जाऊन आली, गोळ्या झाल्या, फरक नाही.

मी विचारलं, "सोमवारी पहिला तास कोणता असतो तुमचा?"

"दहावी ब. ग्रामर." मग थोड्या वेळाने, "मॅडम, मला अगंतुगं करा ना, मोकळं वाटेल."

मग हळूहळू निघालं. वर्गात एक मुलगा आहे, मखमलाबादचा, वडिलांची द्राक्षबाग. हिने वर्गातल्या मुलांना युक्ती दिली होती की व्हेन, व्हेअर, इफ दिसलं की ॲडव्हर्ब क्लॉज लिहायचा, हू-विच दिसलं की ॲडजेक्टिव्ह, दॅट दिसलं की नाऊन. हिलाही शाळेत असंच शिकवलेलं. तर त्या पोराने गाइडमधली तीन वाक्यं शोधून आणली आणि उभा राहिला. 'आय नो व्हेन ही केम', 'आय रिमेंबर द डे व्हेन ही केम', 'आय वॉज स्लीपिंग व्हेन ही केम'. "मॅडम, तिन्हीकडे व्हेन ही केम आहे, मग उत्तरात तीन वेगवेगळे क्लॉज कसे?"

"मग तू काय केलंस?"

"खाली बस म्हटलं त्याला. फालतू प्रश्न विचारू नको म्हटलं." आणि रडायला लागली. "तो बसला, आणि मॅडम, त्याने वहीवर ती तिन्ही वाक्यं खोडली. मी बघितलं."

आता इथे एक गोष्ट सांगते, कारण पालक आणि शिक्षक दोघंही इथेच चुकतात. तिला वाटत होतं तिचा त्रास व्याकरणाचा आहे, आपण एखादा कोर्स केला की सुटेल. मला तसं वाटलं नाही. मी ज्या विचारसरणीत शिकले ती अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची, विवेकनिष्ठ म्हणतो आपण मराठीत, १९५५ च्या सुमाराला त्यांनी ती मांडायला सुरुवात केली. त्या विचारसरणीचं म्हणणं थोडक्यात एवढंच की त्या पोराच्या प्रश्नाने हिची झोप उडवली नाही, त्या प्रश्नाबद्दल ही स्वतःला जे सांगत बसली त्याने उडवली. माझा ह्यावर पूर्ण विश्वास आहे आणि इतक्या वर्षांत तो वाढतच गेलाय. पण हे असं तोंडावर सांगून कुणाला पटत नाही, त्याला स्वतःचं वाक्य डोळ्यांनी दिसावं लागतं.

म्हणून तिसऱ्या सेशनला तिला कागद दिला. म्हटलं, रविवारी रात्री डोक्यात जे वाक्य फिरतं ते जसंच्या तसं लिही, सजवू नको. तिने लिहिलं, 'जर मला मुलांच्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर मी टीचर म्हणवून घ्यायच्या लायकीची नाही.'

मी ते वाक्य बराच वेळ बघत होते. आणि मला एकदम सुचलं, कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही हे, त्या टेबलावरच सुचलं आणि त्याचं मला आजही समाधान आहे. मी म्हटलं, "हे वाक्य कोणत्या प्रकारचं?"

ती गोंधळली. "म्हणजे?"

"तुझा विषय आहे. सिंपल, कंपाउंड की कॉम्प्लेक्स?"

"कॉम्प्लेक्स. इफ क्लॉज आहे." आपोआप आलं उत्तर, एका सेकंदात.

"बरं. त्यातलं 'जर मला उत्तर आलं नाही' एवढंच कुणाला बोललीस तर?"

"तर तो विचारेल, मग पुढे काय. ते एकटं उभं राहत नाही ना. डिपेंडंट आहे."

"आणि पुढे काय ते कोणी लिहिलं?"

ती गप्प. खाली रिक्षांचे हॉर्न वाजत होते. मग तिने माझ्या हातातलं पेन घेतलं, 'तर' च्या पुढचं सगळं खोडलं आणि बसून राहिली. दोन-तीन मिनिटं तरी झाली असतील, मी काही बोलले नाही, अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवायचं असतं. शेवटी तिने बारीक अक्षरात लिहिलं, 'तर मी उद्या बघून सांगेन.' वर बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, माझं 'जर' खरंच होतं. 'तर' मी जोडलं होतं."

त्या दिवशी मी वहीत एवढंच लिहून ठेवलं की माणूस ज्या भाषेत घाबरतो त्याच भाषेच्या व्याकरणात त्याची गाठ सापडू शकते.

पण नुसतं 'उद्या सांगेन' म्हणून भागत नाही, उद्या उजाडतोच. त्या तीन व्हेनचं काय करायचं? मी काही इंग्रजीची शिक्षिका नाही, पण मी तिला म्हटलं, ही तीन वाक्यं मला मराठीत सांग, घरी बोलतेस तशी. ती सांगत गेली. तो केव्हा आला ते मला माहितीये. ज्या दिवशी तो आला तो दिवस मला आठवतो. जेव्हा तो आला तेव्हा मी झोपले होते.

आणि तिसरं बोलून एकदम थांबली. तिला दिसलं होतं. इंग्रजीत तिन्हीकडे एकच व्हेन, पण मराठीत पहिल्यात 'ते', दुसऱ्यात 'तो दिवस', तिसऱ्यात 'तेव्हा'. 'ते' म्हणजे एक गोष्ट, नामाच्या जागी बसलेली, नाऊन क्लॉज. 'तो दिवस' म्हणजे कोणता दिवस ते सांगणारं, ॲडजेक्टिव्ह. 'तेव्हा' म्हणजे झोपण्याची वेळ सांगणारं, ॲडव्हर्ब. जे इंग्रजी झाकून ठेवते ते आपली मराठी उघड बोलून दाखवते, आणि हे त्या मखमलाबादच्या पोराला जन्मापासून येतं, फक्त त्याला येतं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

हेच मला सगळ्या टीचरना आणि पालकांना सांगायचंय. महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, म्हणजे आज दहावीतलं पोर दहा वर्षं इंग्रजी शिकतंय, तरी क्लॉज शब्द ऐकला की त्याचा चेहरा पडतो. ते नावाला घाबरतं. दिवसभर ते जेव्हा-तेव्हा, जर-तर, जिथे-तिथे, जो-तो करतच असतं, मित्राशी भांडताना तर चार-चार गौणवाक्यं एका दमात टाकतं. तेव्हा व्याख्येपासून सुरुवात करू नका हो, मुलाच्या तोंडातल्या वाक्यापासून करा.

आणि मुलाने चूक केली की ती कुठून आली ते बघा. 'दो (though) इट वॉज रेनिंग, बट वी वेंट' असं लिहिणारं पोर ढ नसतं, ते 'जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो' याचं इमानदारीत इंग्रजी करतंय. मराठीला जोडीतले दोन्ही शब्द लागतात, इंग्रजीला एकच पुरतो, दो घेतला की बट सोडायचा. एवढं सांगितलं की पोराला कळतं की आपलं डोकं बरोबर चालत होतं, फक्त सवय दुसऱ्या भाषेची होती. लाल पेनाने गोल करून हे कळत नाही.

लांब वाक्य म्हणजे कॉम्प्लेक्स आणि 'अँड' दिसलं की कंपाउंड, हा पण एक घरोघरचा समज आहे. 'माय फादर अँड माय अंकल वेंट टू द मार्केट इन द मॉर्निंग' कितीही लांबलं तरी सिंपलच, कारण वेंट एकटंच आहे. म्हणून मुलांना शब्द नका मोजायला लावू, पूर्ण क्रियापदं मोजायला लावा, एक असेल तर क्लॉज एक. आणि दोन वर्गीकरणं एकाच दिवशी शिकवू नका. असर्टिव्ह-इंटरॉगेटिव्ह-इम्परेटिव्ह-एक्सक्लमेटरी हे वाक्य काय काम करतं त्यावरून, सिंपल-कंपाउंड-कॉम्प्लेक्स हे ते कसं बांधलंय त्यावरून. 'शट द डोअर व्हेन यू लीव्ह' हे आज्ञा पण आहे आणि कॉम्प्लेक्स पण. मुलं विचारतात दोनातलं बरोबर कोणतं, तर दोन्ही.

हे सगळं तिला मी सांगितलं नाही, अर्धं तिनेच मला सांगितलं सातव्या सेशनपर्यंत. डोळ्यांत चमक यायला लागली होती बोलताना.

पण सगळ्यात अवघड काम वेगळंच होतं, त्या पोराकडे परत जायचं. ती दोन आठवडे टाळत होती. वर्गात मान खाली जाईल म्हणे. मी म्हटलं, जाईल कदाचित, मग? तेवढंच विचारलं.

एका सोमवारी तिने वर्गात सांगितलं, "त्या दिवशी ह्याने प्रश्न विचारला तो फालतू नव्हता, मला उत्तर येत नव्हतं म्हणून मी चिडले. आज उत्तर आणलंय." वर्ग शांत. मग फळ्यावर तिन्ही वाक्यं मराठीत लिहून 'ते', 'तो', 'तेव्हा' खाली रेघ मारली, आणि म्हणाली आता तुमच्या घरातली सांगा. तोच पोरगा उठला. "छाटणी केव्हा घ्यायची ते पप्पांना माहितीये." नाऊन. "ज्या वेलीवर डावणी येते ती वेल आधी बघायची." ॲडजेक्टिव्ह (डावणी हा द्राक्षावरचा रोग). "जेव्हा पाऊस येतो तेव्हा पप्पा झोपत नाहीत." हे तिसरं म्हणाला तेव्हा कुणी हसलं नाही म्हणे, ऑक्टोबरची छाटणी होऊन गेलेली आणि त्या आठवड्यात अवकाळीचे ढग होते. तिने ते फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, 'व्हेन इट रेन्स, माय फादर डझ नॉट स्लीप', आणि पोराने खोडलेल्या पानाच्या शेजारी उतरवून घेतलं.

तिची झोप आता बरीच बरी आहे, पूर्ण नाही. रविवारी अजून एखाद्या वेळी अकरा वाजता मेसेज येतो. परवाचा असा होता, "मॅडम, 'तो म्हणाला की मी येतो' यात मराठीत 'मी' तसाच राहतो, काळ पण बदलत नाही, इंग्रजीत 'ही सेड दॅट ही वुड कम' होतं, दोन्ही बदलतं. मुलं तिथेच अडकणार. उद्या हेच आधी फळ्यावर लिहिते."

मी उत्तर दिलं, लिही, आणि आता झोप.