आमची मांजर परवा घरीच वारली. दुसरा बोका तिला शोधत फिरतो, नीट जेवत नाही. काय करावं?

बोक्याने 24 तास तोंडात काहीच घेतलं नसेल तर आजच त्याला प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. थोडंफार खात असेल तर थांबा, बहुतेक मांजरं काही दिवसांत सावरतात. घाई अशासाठी, की मांजर उपाशी राहिली की अंगातली चरबी यकृतात साठायला लागते. गुबगुबीत बोक्याला तर दोन-तीन दिवसांचा उपासही जिवावर बेततो. खाणं कोमट करून द्या, वास उठला की बरीच मांजरं निदान चाटून तरी बघतात. उकडलेलं चिकन किंवा काटे काढलेला मासा चालेल, पण मीठ-मसाला नको आणि कांदा-लसूण तर अजिबात नको, मांजरांना ते विषारी असतं. जेवणाची वेळ आणि जागा तीच ठेवा. ती झोपायची ती गोधडी लगेच धुऊ नका, हुंगू द्या त्याला. मात्र ती वय होऊन न जाता उलट्या-जुलाबांनी गेली असेल तर हे लागू नाही: पॅनल्युकोपेनिया या मांजरांमध्ये उलट्या-जुलाब करणाऱ्या संसर्गजन्य रोगाचा विषाणू कपड्यांवर, फरशीवर कित्येक महिने टिकतो. तेव्हा गोधडी टाकून द्या, फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसा आणि बोक्याचं लसीकरण झालंय का ते बघा. त्याला सोबत म्हणून लगेच नवं पिल्लू आणू नका. अनोळखी मांजर घरात आली की त्याचा ताण वाढतोच. आणि तुम्हीही दोन घास खा, तुमचंही माणूसच गेलंय.