केळ्यांची खोकी आणि जोंधळ्याची मूठ

प्रश्न : काकू, सप्रेम नमस्कार. मराठी शाळेतून बाहेर पडलेली हायस्कूलची सोळा मुलं इथे एक युवा गट चालवतात. त्यांच्यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आहे. गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात मुलांनी दाराशी टेबल मांडून गावातल्या फूड पँट्रीसाठी, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या केंद्रासाठी, सामान गोळा केलं. चौदा पिशव्या भरल्या. पोचवायला गेलो, तर तिथल्या बाईंनी आमच्यासमोरच निम्मं सामान बाजूला काढलं. घरून पुड्या बांधून आणलेले तांदूळ, सुटी तूरडाळ, चकल्या, तारीख उलटलेली सुपं. मुलं हिरमुसली. यंदा पुन्हा करायचं म्हणतात, पण नीट. सुरुवात कुठून करू? शिवाय ट्यूना आणि चिकनचे कॅन मागायला काही पालकांची हरकत आहे.
— एक आई, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : मुलं हिरमुसली आणि तरीही पुन्हा करायचं म्हणतात, हे वाचून मला फार बरं वाटलं. त्या बाईंवर मात्र रागावू नका. मी अकरा वर्षं दर शनिवारी सकाळी एका पँट्रीत उभी राहते आणि असं सामान बाजूला काढायचं काम माझ्याही वाट्याला येतं. घरच्या पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नसतं. घेणाऱ्या घरात एखाद्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल, तर आम्ही त्या आईला काय सांगणार? म्हणून कंपनीचं सील आणि लेबल असलेलंच घेतो. वीस पौंडी सोना मसुरीची पिशवी फोडून झिपलॉकमध्ये भरलेले तांदूळ कितीही प्रेमाने दिले तरी परत जातात. तेच दोन पौंडांचं बंद पाकीट असेल तर हातोहात जातं.

सुरुवात टेबलापासून करू नका. आधी चार-पाच मुलांना घेऊन वाटपाच्या दिवशी पँट्रीत जा आणि तासभर नुसतं उभं राहू द्या. परवानगी मागितली की देतात. आमच्याकडे लोक दुकानासारखे फळीवरून आपलं आपण निवडतात. कुठली फळी आधी रिकामी होते ते मुलांना वहीत लिहायला सांगा. आमच्याकडे पीनट बटर पहिल्या अर्ध्या तासात संपतं. मग सीरियल, तेलाच्या लहान बाटल्या, ट्यूना, काबुली चण्याचे कॅन. बीन्स मात्र कधीकधी महिनाभर पडून राहतात, कारण देणारा प्रत्येक जण तेच आणतो.

एक आजोबा येतात. गेल्या हिवाळ्यात ते सूपचा एकेक कॅन उचलायचे, चष्मा कपाळावर सरकवून वरचं झाकण डोळ्यांजवळ धरायचे आणि परत ठेवायचे. मला वाटलं, मीठ किती आहे ते बघतायत. विचारलं तेव्हा कळलं की ते ओढायची कडी शोधत होते. त्यांची बोटं वाताने आखडली आहेत, ओपनर फिरवता येत नाही. त्या दिवसापासून आमच्या मागणीच्या कागदावर ‘कडीचं झाकण’ हे सगळ्यात वर असतं. अशी गोष्ट तुम्हाला कुठल्याही छापील यादीत सापडायची नाही. तिथे उभं राहिलेल्यालाच ती दिसते.

मी साताऱ्याची. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडाची गोष्ट माझ्या आजीच्या तोंडून कितीदा ऐकली आहे. १९२४ मध्ये अण्णांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग काढलं. एकच चूल, एकच पंगत. मुलांना जेवू घालायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं, मंगळसूत्रसुद्धा विकलं. बायका जात्यावर बसायच्या आधी मूठभर धान्य बाजूला टाकायच्या, ते बोर्डिंगला जायचं. आजी म्हणायची, ‘आमच्या घरात जोंधळा, त्यांच्या तव्यावर जोंधळ्याचीच भाकरी.’ देणारा आणि खाणारा एकच अन्न खात होते, त्यामुळे काय द्यायचं हे विचारावं लागत नव्हतं. इथे आपलं तसं नाही. ज्या बाईने तूरडाळ कधी पाहिलेली नाही तिला ती देऊन तिच्या मुलांचं पोट भरत नाही. म्हणून विचारायचं. आणि गावात आपले लोक येत असतील तर पँट्री स्वतःच सांगेल की बंद पाकिटातली डाळही आणा. आमच्याकडे आता सांगतात.

ट्यूनाबद्दल. ज्यांच्या घरात चालत नाही त्यांनी आणू नये, त्यांच्यावर जबरदस्ती कशाला? पीनट बटर आणि चणे यांतही भरपूर प्रथिनं आहेत आणि त्यांची गरजही तितकीच असते. यादीत मात्र ट्यूना राहू द्या. आपल्या सोवळ्याने दुसऱ्याच्या ताटातलं ठरवायचं नाही, एवढंच पालकांना प्रेमाने सांगा. मी सांगते तेव्हा बहुतेकांना पटतं.

आणखी एक फळी कायम रिकामी असते, ती साबण, टूथपेस्ट, डायपर आणि सॅनिटरी पॅडची. सरकारी फूड स्टँपवर, म्हणजे स्नॅपवर, यातलं काहीच विकत घेता येत नाही. तुमच्या गटातल्या मुलींना हे सांगून बघा, त्या ही फळी स्वतःकडे घेतील.

तारखांचा गोंधळही सोडवायला हवा. ‘बेस्ट बाय’ ही चवीची तारीख असते. बाळाच्या फॉर्म्युलाखेरीज कुठल्याही डब्यावर तारीख छापायची सक्ती अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात नाही. पण पँट्रीचा आपला नियम असतो, तोच पाळा आणि तारीख उलटलेलं आणूच नका. ज्या डब्याकडे बघून आपण मनात म्हणतो की घरी नको, तो दुसऱ्याच्या घरी कसा पाठवायचा? फुगलेला, गंजलेला किंवा शिवणीवर चेपलेला कॅन सरळ टाकून द्यायचा. बाधा झाली तर आपल्यावर येईल का, असं काही पालक विचारतात. चांगल्या हेतूने, नीट दिसणारं अन्न दिलं तर देणाऱ्याला १९९६ च्या एका कायद्याचं संरक्षण आहे.

आता वेळ. दिवाळीला आणि थँक्सगिव्हिंगला सगळेच देतात. नोव्हेंबरात आमच्याकडे खोकी ठेवायला जागा नसते. जूनअखेर शाळा बंद होतात, शाळेतला नाश्ता आणि जेवण थांबतं, आणि जुलैत त्याच फळ्यांवर धूळ दिसते. तुमची मराठी शाळा जूनमध्ये संपते ना? शेवटच्या रविवारी ठेवा. त्याच्या आदल्या शनिवारी ओक ट्री रोडवरच्या एखाद्या वाणसामानाच्या दुकानात विचारून दाराशी उभं राहता आलं तर फारच छान. आत शिरणाऱ्याच्या हातात चार ओळींचा कागद द्यायचा, बाहेर येताना तो त्यातली एक वस्तू देऊन जातो. कागदावर चारच वस्तू. वीस लिहिल्या तर कुणी वाचत नाही.

खोकी कुठून आणायची, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण अडणार तिथेच. सुपरमार्केटच्या फळांच्या विभागात सकाळी जाऊन केळ्यांची रिकामी खोकी मागा. चाळीस पौंड केळी मावणारी, हाताला धरायला खाचा असलेली खोकी याहून चांगली मिळत नाहीत. तळाला मोठं भोक असतं, तिथे पुठ्ठा घाला. कॅन अर्ध्यापर्यंतच भरा, नाहीतर पंधरा वर्षांच्या मुलाची पाठ धरते. काचेच्या बरण्या नकोतच. एक फुटली की सगळं खोकं वाया जातं.

आणि जे पालक म्हणतील की आम्ही चेक देतो, त्यांचा चेक आनंदाने घ्या. आपली छोटी पँट्री बहुतेक माल मोठ्या फूड बँकेकडून आणते. हिलसाइडची कम्युनिटी फूड बँक ऑफ न्यू जर्सी त्यातलीच. कॅथलीन डिकिआरा यांनी १९७५ साली स्वतःच्या गाडीतून शिधा वाटत ते काम सुरू केलं होतं. ठोक भावात घेणाऱ्यांच्या हातात एक डॉलर आपल्यापेक्षा कितीतरी लांब जातो.

प्रश्न : काकू, मी दहावीत आहे आणि याच गटात आहे. पँट्रीत माझ्या शाळेतलं कोणी रांगेत दिसलं तर मी काय करू? आणि शाळेच्या सर्व्हिस अवर्ससाठी, म्हणजे समाजसेवेच्या तासांसाठी, फोटो लागतात, ते काढू का?

उत्तर : बाळा, फोटो खोक्यांचे काढ, तुमच्या गटाचे काढ, रांगेचा एकही नको. तासांची नोंद तिथल्या बाईंच्या सहीने होते, ती मागून घे.

पहिला प्रश्न तू विचारलास याचं मला किती कौतुक वाटलं, काय सांगू. आमच्याकडे एकदा साडी नेसलेल्या, माझ्याच वयाच्या एक बाई आल्या. मला बघून त्यांनी मान वळवली. मी आत गेले, कॅन लावत बसले आणि काउंटरला दुसऱ्या बाईंना उभं केलं. तीन आठवड्यांनी त्या आपणहून माझ्याजवळ आल्या आणि मराठीत म्हणाल्या, ‘बंद पाकिटातली कणीक येते का हो कधी?’ तेव्हापासून आम्ही बोलतो.

तुझ्या ओळखीचं कोणी दिसलं तर त्याला ठरवू दे. त्याने ‘हाय’ केलं तर तूही कॉरिडॉरमध्ये करतोस तसंच कर. त्याने बघितलं नाही तर तूही खोक्यात हात घाल. आणि सोमवारी शाळेत गेल्यावर, तुझ्या अगदी जवळच्या मित्रालाही, यातलं काही सांगू नकोस.