मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे (आफ्रिकेतल्या मोठ्या कुरंगांचे) कळप पाहायचे आहेत. केनियाला मे महिन्याच्या सुट्टीत जावे का?

मे नको, ऑगस्ट किंवा सप्टेंबर धरा. हे कळप पावसामागून उगवणाऱ्या गवताच्या मागे फिरतात. फेब्रुवारीत ते टांझानियात, दक्षिण सेरेंगेटीतल्या न्दुतूच्या आखूड गवतावर वितात. मे महिन्यात बहुतेक कळप अजून टांझानियातच असतात. मारा नदीपर्यंत साधारण जुलैअखेर पोहोचतात. मात्र पाऊस पुढेमागे झाला की वेळापत्रक हलते आणि कळप काठावर तासन्‌तास थांबून माघारीही फिरतात, म्हणून नदीजवळ किमान 3-4 रात्री ठेवाच. एका रात्रीच्या धावत्या भेटीवर एवढा खर्च करू नये, असे मला मनापासून वाटते. सुट्टी फेब्रुवारीतच मिळत असेल तर न्दुतूला जा. जन्मल्यावर काही मिनिटांत उभी राहणारी पिल्ले पाहणे नदीच्या दृश्याहून कमी नाही.