ड्रोनला आपला माणूस ओळखता येतो का?

प्रश्न : सर, आम्ही चौघं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. द्राक्षबागेची पाहणी करणारा ड्रोन बनवतोय. पिक्सहॉक हा ड्रोन चालवणारा बोर्ड, त्यावर आर्डूपायलट हे उड्डाणाचं सॉफ्टवेअर आणि लॅपटॉपशी बोलायला टेलिमेट्री रेडिओची जोडी. गाईड म्हणतात सिक्युरिटी दाखवा, सिनियर म्हणतात एन्क्रिप्शन या हार्डवेअरला झेपणार नाही. हलकं काही आहे का? आणि रेडिओचा नेट आयडी, म्हणजे जोडीचा ओळख क्रमांक, बदलला तर पुरे ना?
– विद्यार्थी, नाशिक

उत्तर : नेट आयडी बदलाच, कारण या सिक प्रकारच्या रेडिओंवर तो मुळात २५ असतो आणि एकाच मैदानावर दोन टीम उतरल्या की एकाचं दुसऱ्याला ऐकू जायला लागतं. पण ते कुलूप नाही, नेट आयडी हवेतून शोधून काढता येतो.

एन्क्रिप्शनच्या आधी एक प्रश्न सोडवा, हुकूम देणारा आपलाच आहे हे ड्रोनला कसं कळणार? तुमचा ड्रोन लॅपटॉपशी मॅव्हलिंक या संदेशांच्या भाषेत बोलतो. त्याच्या पहिल्या आवृत्तीत ही तपासणीच नव्हती, मेसेजमध्ये पाठवणाऱ्याचा नंबर असायचा, ग्राउंड स्टेशनचा, म्हणजे जमिनीवरच्या लॅपटॉपचा, बहुतेक वेळा २५५, आणि तो कुणीही लिहू शकतो. अशा मोकळ्या दाराचं काय होतं ते २०१३ मध्ये सॅमी कामकार या सिक्युरिटी संशोधकाने दाखवलं. त्याच्या स्कायजॅकमध्ये एका ड्रोनवर रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर होता, तो आसपासचे पॅरट कंपनीचे ड्रोन वायफायवरून ओळखायचा, मालकाचं कनेक्शन तोडायचा आणि स्वतः मालक म्हणून जोडला जायचा. पासवर्ड फोडायची गरजच पडली नाही कारण वायफाय उघडंच होतं.

मॅव्हलिंक २ मध्ये यावर उपाय आहे, मेसेज साइनिंग. प्रत्येक मेसेजच्या शेवटी १३ बाइट जोडले जातात, १ लिंकचा नंबर, ६ वेळेचे आणि ६ सहीचे. ३२ बाइटची गुप्त की, म्हणजे किल्ली, आणि अख्खा मेसेज एकत्र करून एसएचए-२५६ हा गणिती ठसा काढायचा आणि त्यातले पहिले ६ बाइट म्हणजे सही, बस. ‘मी चालू आहे’ सांगणारा हार्टबीट मेसेज २१ बाइटचा असतो तो ३४ चा होतो, रेडिओला थोडा भार पडतो पण चालतं, आणि बोर्डाला तर काहीच वाटत नाही. चेकसारखं आहे हे, रक्कम कुणीही वाचेल पण सही तुमचीच लागते. वेळेचे बाइट मला सगळ्यात आवडतात, कारण कुणी तुमचा खरा मेसेज रेकॉर्ड करून नंतर जसाच्या तसा सोडला तरी त्याची वेळ मागची असते, ड्रोन तो टाकून देतो.

पोरं चुकतात ती की च्या बाबतीत. मिशन प्लॅनर या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटअपच्या अॅडव्हान्स्डमध्ये साइनिंगची सोय आहे, पण ते यूएसबी केबल लावूनच करा, रेडिओवरून की पाठवली तर ती हवेत उघडी जाते. प्रत्येक ड्रोनची की वेगळी ठेवा. आणि की ज्या पासफ्रेजवरून बनते तिथे कॉलेजचं नाव नको, तुमचे मेसेज पकडून घरी बसून अंदाज लावत बसणाऱ्याला तेवढं पुरतं. यूएसबीवर आर्डूपायलट सही मागत नाही, म्हणजे ड्रोन हातात आला की संरक्षण संपलं, हे रिपोर्टमध्ये लपवू नका.

माहितीही लपवायची असेल, म्हणजे एन्क्रिप्शन हवं असेल, तर अॅस्कॉन ही हलकी पद्धत बघा. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये लहान उपकरणांसाठी ती निवडली आणि २०२५ मध्ये स्टँडर्ड काढलं. तिची अंतर्गत स्थिती फक्त ३२० बिट म्हणजे ४० बाइट, आणि लपवणं आणि ओळख पटवणं दोन्ही एकाच फेरीत होतं, त्यामुळे झेपत नाही हे सिनियरचं म्हणणं मला पटत नाही. फक्त एकाच की बरोबर तोच नॉन्स, म्हणजे प्रत्येक मेसेजला एकदाच वापरायचा आकडा, पुन्हा वापरायचा नाही. बोर्ड रीस्टार्ट झाल्यावर हा आकडा मोजणारा काउंटर शून्यावरून सुरू झाला तर सगळं मुसळ केरात, म्हणून काउंटर फ्लॅश मेमरीमध्ये जपा.

गाईडना दाखवायला तिसरा रेडिओ घ्या, त्याच नेट आयडीवर, की नसलेल्या लॅपटॉपला लावा आणि मोड बदलायचा हुकूम सोडा. आधी साइनिंग बंद ठेवून, मग चालू करून. ड्रोन तुमचाच हवा आणि पंखे काढलेले हवेत, यात तडजोड नको.

प्रश्न : साइनिंग लावलं की खोट्या जीपीएस सिग्नलपासूनही ड्रोन वाचतो का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. सही फक्त तुमच्या हुकमांवर असते, उपग्रहाचा सिग्नल वेगळ्याच वाटेने येतो. २०१२ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या टॉड हम्फ्रीज यांच्या टीमने अमेरिकेतल्या व्हाइट सँड्समध्ये बनावट जीपीएसने ड्रोनला चकवून दाखवलं होतं. युरोपच्या गॅलिलिओ या उपग्रह यंत्रणेने २०२५ पासून आपल्या संदेशांना ओळखीची खूण जोडायची सेवा सुरू केली आहे, पण ती तपासू शकणारा रिसीव्हर लागतो, घेताना तेवढं विचारून घ्या. आणि सिग्नलच दाबून टाकणाऱ्या जॅमिंगवर यातलं काहीच चालत नाही, तिथे संपर्क तुटल्यावर ड्रोनने काय करायचं ते ठरवणारा फेलसेफ नीट सेट केलेला असणं हाच आधार.