सुट्टीवर जाणारा माणूस सायकल विकत नाही

"मावशी, मी मालवणजवळच्या आचऱ्याची. तीन वर्षांपूर्वी मास्टर्ससाठी जर्मनीत ब्रेमेनला आले. शिक्षण झालं, त्यानंतर नोकरी शोधायला मिळतो तो दीड वर्षांचा परवानाही संपत आला. नोकरी लागली नाही, महिन्याअखेरीस घरी येतेय. त्याआधीच्या शनिवारी मित्रमैत्रिणींना मालवणी जेवण घालायचं आहे. दहाजण आहेत. तिघं जर्मन, एक इराणी मैत्रीण (सगळ्यांत जवळची), बाकी इकडचे तिकडचे. दोघं मांसमच्छी खात नाहीत. हॉस्टेलच्या किचनमध्ये चार शेगड्या, त्यातली एक बंद. मेन्यू : कोंबडी-वडे, बांगड्याचं तिखलं, काळ्या वाटाण्याचं सांबार, भात, सोलकढी, खापरोळ्या. जमेल ना? जर्मन मित्र 'काय आणू' विचारतायत, काय सांगू? जेवताना रडू आलं तर? सायकल आणि गादी विकायला काढलीय, त्यात वेळ जातोय. इथे सगळ्यांना मी सुट्टीवर चाललेय असंच सांगितलंय. आईनेही वाडीत तेच सांगितलंय."

— आचऱ्याची, सध्या ब्रेमेन

गो बाय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तोंडाला पाणी सुटलं, दुसऱ्यांदा शेवटच्या दोन ओळींवर अडकले. मेन्यूवर तू पानभर लिहिलं होतंस (वर छापताना मी बराच कापलाय, खापरोळीच्या पिठाचं प्रमाण राहून गेलं म्हणून रागावू नकोस) आणि खरी गोष्ट अगदी शेवटी. आपल्याकडे पाहुणा दोन तास बसतो, पावसापाण्याचं बोलतो आणि पायात चपला घालताना म्हणतो, "हां, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय." तसं.

म्हणून आधी चपलेकडचं बोलू.

हे सुट्टीचं तू कुणाला सांगतेयस? सुट्टीवर जाणारा माणूस सायकलला आणखी एक कुलूप लावून जातो, ती विकायला काढत नाही. तू गादीसुद्धा काढलीस. त्या दहातल्या निम्म्याअधिकांना कळलंय, हे मी इथे वेंगुर्ल्यात बसून पैजेवर सांगते. तू गप्प आहेस म्हणून तेही गप्प आहेत. जर्मन मित्रांना तर सांगायलाच नको. देश सोडणाऱ्याने पालिकेच्या कचेरीत जाऊन आपलं नाव काढायचं असतं, घर सोडायच्या आठवडाभर आधीपासून नंतरच्या दोन आठवड्यांत. 'आबमेल्डुंग' म्हणतात ना त्याला? तू त्याबद्दल एकाला तरी विचारलं असशीलच. शिवाय सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की तुमचा तो परवाना साधारणपणे आपसूक रद्द होतो. म्हणजे तुझी सुट्टी कागदावरसुद्धा उभी राहत नाही.

लपवण्यासारखं काय झालं, ते मला पत्रात सापडलं नाही. शिकायला गेलीस, शिकलीस. नोकरी शोधलीस, मिळाली नाही. तुझ्या शहराच्या नगरभवनाशेजारी गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा अशा एकावर एक उभ्या चौघांचा पुतळा आहे ना? येणारेजाणारे त्या गाढवाचे पुढचे पाय चोळतात म्हणे. ग्रिम बंधूंच्या गोष्टीत ते चौघं ब्रेमेनला जायचं म्हणून निघतात आणि पोचतच नाहीत, वाटेत रानातल्या एका घरात ऐसपैस राहतात. तरी गावाने पुतळा उभारला तो त्यांचाच. तू तर पोचून, पदवी घेऊन निघाली आहेस.

पण लपवावंसं का वाटतं, ते मात्र मला कळतं. मी कोकणात राहते. एसटीतून पाय खाली टेकत नाही तोवर पहिला प्रश्न येतो, "कधी इलंस गो?" आणि उत्तर ऐकायच्या आत दुसरा, "परत कधी जातलंस?" गणपतीला आलेल्या चाकरमान्यालाही हेच आणि दुबईहून आलेल्यालाही हेच. जायची तारीख नसलेला माणूस आपल्याला नीट वाचताच येत नाही. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण तुझ्या आईला तो प्रश्न रोज विहिरीवर भेटणार आहे आणि तिने त्याची आधीच तयारी करून ठेवलीय. "म्हयनाभर इलीहा." महिना संपल्यावर काय सांगणार?

त्यात तू आचऱ्याची! दर तीन-चार वर्षांनी तुमचा अख्खा गाव गुरंढोरं, कोंबड्या-कुत्री घेऊन वेशीबाहेर जातो, तीन दिवस तीन रात्री राहुट्यांत काढतो आणि रामेश्वराचा कौल झाला की परत घरी येतो. गावपळणीवरून परतलेल्याला "का रे परत आलास?" असं कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तर शनिवारच्या आधी सांग. जेवताना सांगू नकोस. पानावर बसलेल्या दहा माणसांना एकदम चेहरा काय करायचा कळत नाही, आणि मग सगळी संध्याकाळ ते तुझी समजूत काढण्यात घालवतील. इराणी मैत्रिणीला आज-उद्या समोरासमोर सांग, तिचा तेवढा मान आहे. बाकीच्यांना ग्रुपवर चार ओळी टाक : मी सुट्टीवर नाही, कायमची घरी चाललेय. नोकरी जमली नाही, हे सांगायला मला जड जात होतं. शनिवारचं जेवण निरोपाचं आहे, सात वाजता या, उपाशी या. संपलं. 'सॉरी' एकदाही लिहायचं नाही. आणि आईला फोन. वाडीत काय सांगायचं ते तिचं तिला ठरवू दे, पण तू इथे आल्यावर ते सुट्टीचं पुढे ओढणार नाहीस, एवढं तिला आधी कळायला हवं. ती चिडेल. दुसऱ्या दिवशी तुझ्या खोलीतली फणसाची साठं नि सुक्या मिरच्यांची पोती हलवायला घेईल.

आता जेवण. हा माझा खरा प्रांत.

मी पुण्याचं हॉस्टेल सोडलं तेव्हा बारा मुलींना तिखलं खायला घालायची हौस केली होती. एक वातीचा स्टोव्ह, एक पातेलं. संध्याकाळी पाच ते रात्री दहा मी त्या स्टोव्हपाशी. वासाने रेक्टरबाई वर आल्या, त्यांनाही वाढलं. सगळ्या पोटभर जेवल्या, हसल्या, एकमेकींच्या वह्यांत पत्ते लिहून घेतले. त्या रात्रीचा एकच फोटो आहे. त्यात सगळ्या आहेत आणि उजव्या कडेला माझं कोपर आहे.

म्हणून तुझ्या मेन्यूवर मी निर्दयपणे काट मारतेय. वडे रद्द. वडा कढईतून थेट पानात यावा लागतो, म्हणजे तू तळत उभी. खापरोळ्या रद्द, कारण तेच. तिखलं कापताना माझा हात थरथरला, पण काटे कसे काढायचे हे तीन जर्मन माणसांना शिकवण्यात तुझी संध्याकाळ जाईल, आणि त्यातलं तिरफळ, तो जीभ बधिर करणारा मसाला, कुणीतरी चावणारच. राहिलं काय? कोंबडीचा रस्सा, काळ्या वाटाण्याचं सांबार, भात, सोलकढी. तीन शेगड्यांत बसतं.

रस्सा आणि सांबार शुक्रवारीच करून ठेव. मुरलेलं सांबार दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, हे तुला मी सांगायला नको. काळे वाटाणे तिथे मिळाले नाहीत तर काळे चणे घे, रात्रभर भिजव. नारळ फोडत बसू नकोस. केकसाठी सुक्या खोबऱ्याचा कीस मिळतो, तो कांद्याबरोबर भाजून वाट. मात्र नजर हटवू नकोस, तो बघता बघता करपतो, आणि छताला धुराचा अलार्म असेलच. खिडकी उघडी, आच मंद. सुका बांगडा भाजायचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोड. मसाला नेहमीच्या निम्मा घाल आणि ज्याला हवं त्याच्यासाठी वाटीत तिखट वेगळं ठेव.

सोलकढीला डब्यातलं नारळाचं दूध चालतं, दाट असतं तेव्हा तेवढंच पाणी घाल. आगळ, म्हणजे कोकमाचा खारट रस, थोडं थोडं चाखत ओत. तापवायची नाही, फाटते. आणि वाढण्याआधी सगळ्यांना सांग की यात लसूण आणि मिरची आहे. तो गुलाबी रंग बघून माणसं स्ट्रॉबेरीचा मिल्कशेक समजून मोठा घोट घेतात. माझ्या भाच्याच्या साहेबाचं तसं झालं होतं. बिचारा सभ्य होता, गिळलं.

"काय आणू" म्हणणाऱ्यांना खरोखरच आणायला सांग. आपल्याला "काही नको, तुम्ही या फक्त" म्हणायची खोड आहे. जर्मन माणसाला "काही नको" म्हटलंस तर तो ते खरं मानून हात हलवत येईल आणि वडे नाहीत म्हणून भाकरीची जागा रिकामी राहील. एकाला तुर्की दुकानातला तो मोठा चपटा पाव, एकाला पेयं, एकाला केक. सात म्हणजे ते साताला दारात असणार, सव्वासातला तू आंघोळीला जायचं ठेवू नकोस. आग्रहाचंही बघ. जर्मन "नको" म्हणाला की नको, पानात चमचा ओतू नकोस. इराणी मैत्रिणीचं उलट. त्यांच्यातल्या तारोफच्या रीतीत पहिली दोन नकारघंटा शिष्टाचाराची असतात, तिसऱ्यांदा वाढायचं. म्हणजे ती आपल्यातलीच.

रडू आलं तर रड. तिखट तुझ्याच हातचं आहे, नाव त्याचं पुढे कर. पण माझा अंदाज, जेवताना येणार नाही. भांडी घासताना येईल. तेव्हा घासायला एकटी थांबू नकोस, कुणाला तरी पुसायला उभं कर. रात्री दहानंतर आवाज नको, हा तिथला नियम आहेच, त्यामुळे तेव्हाचं बोलणं आपोआप हळू होतं.

आईने दिलेला मसाला उरला असेल तर परत आणू नकोस, इथे डबे भरलेले आहेत. जॅमच्या रिकाम्या बरण्यांत घालून वाटून टाक, वर किती चमचे ते इंग्रजीत लिहून. नाहीतर तुझ्या त्या इकडच्या-तिकडच्यांतला एखादा तो पिझ्झ्यावर भुरभुरेल आणि मालवणला नावं ठेवेल.

आणि एक. निघायच्या दिवशी इराणी मैत्रीण तुझ्या पाठीमागे भांडंभर पाणी ओतेल, तर दचकू नकोस. आपल्यात पाणी सोडलं म्हणजे आशा सोडली. त्यांच्याकडे प्रवासाला निघालेला लवकर परत यावा म्हणून पाणी टाकतात. तिला तुझ्या बाजूने काहीतरी द्यायला हवं. आगळाची बाटली तिची.

गावात पोचलीस आणि पहिल्याच वळणावर "परत कधी जातलंस?" आलं, की म्हणायचं, "आता हयच आसंय." घरी आरशासमोर दोनदा म्हणून बघ, जीभ अडखळते. मग एखाद्या बुधवारी वेंगुर्ल्याला ये, बुधवारी मी स्तंभ लिहून मोकळी असते. जेवण कसं झालं ते सांग, आणि सायकल किती युरोला गेली तेही.

— मावशी