त्याच्यावाचून कुणाचं अडतं?

‘आमच्यानंतर याचं काय?’ बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलामुलींचे पालक माझ्याकडे येतात तेव्हा हा प्रश्न ठरलेला असतो. ‘मुलं’ म्हणायचं, पण ती असतात तिशी-चाळिशीतली माणसं. बोलणं थोडं पुढे गेलं की पालकांचा आवाज खाली येतो आणि दुसरी काळजी बाहेर पडते, ‘याला स्वतःचं असं कुणीच नाही हो.’ त्यांना या दोन काळज्या वेगळ्या वाटतात. पहिलीसाठी ते स्वावलंबनाचे वर्ग शोधतात, दुसरीपुढे हात टेकतात. माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे. एका मायलेकांची हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो एक्केचाळीस वर्षांचा, डाउन सिंड्रोम, म्हणजे एक गुणसूत्र जास्त असल्याने येणारी जन्मजात स्थिती असलेला. आई सत्तरीला टेकलेल्या. तो जन्मला तेव्हा डॉक्टरांनी ‘फार आशा धरू नका’ असं सांगितलं होतं, आणि त्या काळाच्या हिशेबाने त्यात खोटं काही नव्हतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डाउन सिंड्रोममधलं सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होतं. हृदयावरच्या शस्त्रक्रिया आणि घरातली निगा यांमुळे आज ते अनेक देशांत साठीच्या घरात गेलं आहे. म्हणजे आईवडिलांच्या पश्चात जगणारी ही पहिलीच मोठी पिढी.

गेले काही महिने तो दार आपटत होता, जेवणावरून उठत होता, अशा प्रौढांना काम देणाऱ्या कार्यशाळेत जायला नकार देत होता. मी आधी त्याला डॉक्टरांकडे पाठवलं. हे मी प्रत्येक पालकाला सांगते. थायरॉइडचा त्रास आणि ऐकू कमी येणं डाउन सिंड्रोममध्ये वारंवार आढळतं, चाळिशीनंतर स्मृतिभ्रंशाची शक्यताही लक्षात ठेवावी लागते. ‘त्याचं असंच असतं’ म्हणून दुखणं आणि नैराश्य दोन्ही सुटून जातात. त्याच्या तपासण्या ठीक निघाल्या.

मग आम्ही बोलायला बसलो. खरं तर आई बोलायला बसल्या. ‘कसे आहात?’ मी त्याला विचारलं. ‘बरा आहे, पण झोप कमी झालीय,’ आई म्हणाल्या. त्याला उत्तर द्यायला वेळ लागायचा, मनात दहा आकडे मोजावे इतका. आई तिसऱ्या आकड्यालाच उत्तर देऊन मोकळ्या होत. मी त्यांना एवढंच सांगितलं, दहापर्यंत मोजा. त्या मोजू लागल्या आणि खोलीत त्याचा आवाज ऐकू यायला लागला.

‘कार्यशाळा आवडते?’
‘हो.’
‘आवडत नाही?’
‘हो.’

ज्यांना आयुष्यभर ‘ऐक’ असंच सांगितलं गेलं, ती माणसं समोरच्याला हवं असलेलं उत्तर पटकन देतात. म्हणून त्यांना हो-नाहीत उत्तर मागू नये. दोन पर्याय द्यावेत, शक्यतो चित्रं दाखवून, आणि थोड्या वेळाने पर्यायांची अदलाबदल करून पुन्हा विचारावं.

एका भेटीत मी मोठ्या कागदावर एकात एक वर्तुळं काढली. मध्ये त्याचा फोटो ठेवला आणि हातात बटणं दिली. एक बटण म्हणजे एक माणूस. जवळचा तितका आत. आई, बाबा, बहीण, कार्यशाळेतल्या शिक्षिका, गाडीचालक, व्यायाम घेणारे सर. कागद भरला. मग मी म्हटलं, ‘आता नातेवाईक बाजूला काढू. आणि ज्यांना तुमच्याबरोबर राहण्याचा पगार मिळतो, तेही.’ तो एकेक बटण उचलत गेला. कागदावर फोटो तेवढा उरला. आई खाली मान घालून बसल्या. मी थांबले.

बऱ्याच वेळाने त्याने डब्यातलं एक नवं बटण घेतलं आणि फोटोला अगदी चिकटवून ठेवलं.

‘हे कोण?’
‘पेपरवाले काका.’
‘काय करतात ते?’
‘म्हणाले, धर रे जरा.’

आई चकित झाल्या. ‘अहो, त्याला सहा वर्षं झाली! वाचनालयात गेलो होतो. ते जुने पेपर बांधत होते, याला गठ्ठा धरायला सांगितला. दोन मिनिटांची गोष्ट.’

‘मी धरला,’ तो म्हणाला. ‘मग गाठ बसली.’

इतक्या वर्षांच्या कामात मी एकटेपणाची अनेक वर्णनं ऐकली आहेत. इतकं अचूक क्वचितच. या माणसाच्या अवतीभवती दिवसभर माणसं होती, सगळी प्रेमळ, सगळी त्याच्यासाठी राबणारी. पण त्याच्यावाचून कुणाचंही काही अडत नव्हतं. एकदाच अडलं, तेव्हा त्याने ते सोडवलं, आणि ती दोन मिनिटं त्याने सहा वर्षं जपली.

बौद्धिक अक्षमतेच्या क्षेत्रातले अभ्यासक वोल्फ वोल्फेन्सबर्गर यांनी १९८३ मध्ये सामाजिक भूमिकांचा विचार मांडला: समाज ज्या भूमिकांना मान देतो, त्या या माणसांना मिळाल्या पाहिजेत. मी त्याच विचाराची आहे. शेजारी, सभासद, मदतनीस, गिऱ्हाईक अशी भूमिका मिळाली की ओळखी होतात, आणि त्या ओळखींतून कधीतरी मैत्री. नुसतं ‘याच्याशी मैत्री करा’ म्हणून कुणी मित्र होत नाही. स्वावलंबनाचंही तेच. अंथरूण घालता येतं, बटणं लावता येतात, पण त्या कौशल्याची कुणाला गरजच नसेल तर ते शिकण्याची ओढ टिकत नाही.

वाचनालयात विचारून पाहिलं. काका होते, आणि जुन्या पेपरांचे ढीगही होते. आठवड्यातले दोन दिवस ठरले. सुरुवातीला आई सोबत, मग थोडं मागून, मग कोपऱ्यापर्यंत. तारखेनुसार पेपर लावायला त्याने कॅलेंडरवरून शिकून घेतलं. कार्यशाळेत तारखा त्याला कधीच जमल्या नव्हत्या. दार आपटणं कमी झालं.

मग जे व्हायचं ते झालं. तिथे येणाऱ्या एकाने त्याच्याकडून ‘उसने’ म्हणून पैसे घेतले. घरातल्यांनी ठरवलं, बास आता. मी त्यांना याच क्षेत्रातले लेखक रॉबर्ट पर्स्के यांचा १९७२ मधला विचार समजावला: जोखीम घेण्यातही माणसाचा सन्मान असतो, आणि ती पूर्ण काढून घेतली की सन्मानही जातो. याचा अर्थ माणसाला वाऱ्यावर सोडणं असा मुळीच नाही. आम्ही नियम केला: पैसे कुणी मागितले की ‘आधी घरी फोन’. ‘नाही’ म्हणण्याची तालीम केली, मोठ्याने, उभं राहून. अंगाला कोण हात लावू शकतं, कुणी गुपित ठेवायला सांगितलं तर काय करायचं, हेही. पेपरवाल्या काकांना घडलेलं सांगितलं, ते लक्ष ठेवू लागले. एकट्या पडलेल्या माणसाला फसवणं सोपं असतं, कारण त्याची गैरहजेरी किंवा उतरलेला चेहरा घराबाहेर कुणाच्या ध्यानात येत नाही. ओळखीची चार माणसं हेही संरक्षणच आहे. म्हणून ‘आमच्यानंतर’ची तयारी मृत्युपत्र आणि संस्थेची चौकशी यांवर थांबवू नका. त्याला काय आवडतं, तो कशाने घाबरतो, त्याचा नकार कसा ओळखायचा, हे एका वहीत लिहा, आणि लिहिताना त्याला शेजारी बसवा.

कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे निवडण्याचा हक्क अपंग व्यक्तींना इतरांइतकाच आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातलं १९ वं कलम सांगतं. निवडीची सवय मात्र एका दिवसात लागत नाही. ज्याने चाळीस वर्षं स्वतःचा सदरा निवडला नाही, त्याला एकदम घर निवडायला सांगणं हा अन्याय आहे. सदऱ्यापासून सुरुवात करा.

मागच्या भेटीत आईंनी नवी चिंता आणली. काकांनी त्याला घरी बोलावलं होतं. ‘मी बरोबर जाऊ की नको, मॅडम?’

‘मला काय विचारता? ते बसलेत ना इथे.’

आईंनी त्याच्याकडे वळून विचारलं आणि ओठ हलवत मोजायला लागल्या. आठ झाले, नऊ झाले.

‘ये,’ तो म्हणाला. ‘पण दारापर्यंत.’