आधी ब्रशचा थर जमव

सिलिकॉनवरच्या पातळ थरात पॉलिमरच्या ज्या सूक्ष्म पट्ट्या आपोआप बनतात, त्या तुझ्याकडे उभ्या राहत नाहीत म्हणून लगेच पॉलिमरला दोष देऊ नकोस. पीएस-पीएमएमए (पॉलिस्टायरीन आणि पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट या दोन साखळ्या टोकाला जोडलेला पॉलिमर) वापरताना चूक बहुतेक वेळा खालच्या थरात असते. सिलिकॉनवरच्या ऑक्साइडला पीएमएमए जवळचा, त्यामुळे तो तळाशी चिकटतो आणि सगळे थर आडवे पसरतात. 1997 मध्ये थॉमस रसेल आणि क्रेग हॉकर यांच्या गटाने यावर सुंदर तोड दाखवली: दोन्ही घटक विस्कळीत क्रमाने गुंफलेल्या पॉलिमरचा ब्रश, म्हणजे एका टोकाने चिकटलेल्या साखळ्यांचा पातळ थर, आधी पृष्ठभागावर रोवायचा. प्रमाण जुळलं की पृष्ठभाग कुणाचीच बाजू घेत नाही.

ब्रश तापवून झाला की न चिकटलेला भाग टोल्युइनने नीट धू. सुरुवातीला मी हे घाईत उरकायचे आणि कित्येक आठवडे वाया गेले, म्हणून कळकळीने सांगतेय. पीएस-पीएमएमएचं द्रावण 0.2 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळ. ब्रशवर पसरलेल्या पीएस-पीएमएमएच्या थराची जाडी प्रत्येक नमुन्याला मोज.

अ‍ॅनीलिंग (थर तापवून पट्ट्या जुळू देणं) निर्वातात किंवा नायट्रोजनमध्येच कर, 200 अंश सेल्सिअसच्या आसपास. हवेत पॉलिमर खराब होतो. मग यूव्ही (अतिनील) प्रकाशाने पीएमएमए तुटतो, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये धुऊन निघतो. पट्ट्यांमधलं अंतर वाढवायचं असेल तर तापमानाशी झटत बसू नकोस, जास्त लांब साखळीचा पॉलिमर माग.